हाय-फील्ड एनएमआर घेण्याआधी काय तपासाल? जैवरेणूंवर काम करणाऱ्या नवख्यांसाठी

एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स) स्पेक्ट्रोमीटर घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न हमखास येतो, "किती मेगाहर्ट्झचा?" विक्रेतेही तिथूनच बोलायला लागतात, कारण तो आकडा मोठा असला की निधी देणाऱ्यांना पटवणं सोपं जातं. पण पुढची दहा-पंधरा वर्षं तुमच्या कामाचा वेग ठरवणार आहेत तुमचं प्रोटीन, तुमचा बफर आणि त्यातलं मीठ, प्रोबचा (नमुन्याभोवती कॉइल असलेल्या भागाचा) प्रकार, आणि चुंबक ज्या खोलीत उभं राहील ती खोली. म्हणून इथला क्रम त्याप्रमाणे लावला आहे. एचएसक्यूसी म्हणजे काय हे ठाऊक आहे, पण मशीन विकत घेण्याच्या समितीत पहिल्यांदाच बसायचं आहे, असा वाचक गृहीत धरला आहे.

पायरी १: नमुन्यांची यादी करा

कोणत्याही कंपनीला फोन करण्याआधी एक तक्ता बनवा. गेल्या दोन-तीन वर्षांत गटातल्या लोकांनी ज्यांवर काम केलं आणि पुढच्या पाच वर्षांत ज्यांवर करायचं आहे, ते सगळे नमुने त्यात घ्या. प्रत्येकासमोर आण्विक वजन, मिळणारी सांद्रता, बफर, मिठाचं प्रमाण, तापमान, नमुना किती दिवस टिकतो, आणि कोणते समस्थानिक घालता येतात हे लिहा. "आम्ही प्रोटीन करतो" एवढ्याने काम भागत नाही. ५६ अवशेषांचं जीबी१ आणि ७२३ अवशेषांचं, ८२ किलोडाल्टनचं मॅलेट सिंथेज जी, दोन्ही प्रोटीनच. पहिल्याला ६०० मेगाहर्ट्झवर काहीच अडत नाही. दुसऱ्यासाठी ड्यूटेरियम, ट्रॉझी (मोठ्या प्रोटीनचे सिग्नल अरुंद ठेवणारं तंत्र) आणि मिथाइल गटांचं लेबलिंग हे सगळं जमवून आणावं लागतं.

घन-अवस्था एनएमआर करायचं आहे का, हे याच टप्प्यावर ठरवा. तो निर्णय नंतर ढकलता येत नाही, कारण बोअर (चुंबकाच्या मधलं भोक) ५४ मिलिमीटरचा की ८९ मिलिमीटरचा हे चुंबक घेतानाच ठरतं. आणि यादीतले सगळ्यात त्रासदायक तीन नमुने वेगळे काढून ठेवा. पुढे डेमोला तेच न्यायचे आहेत.

पायरी २: फील्ड किती हवं ते गणिताने ठरवा

प्रोटॉनच्या वारंवारतेवरून चुंबकाचं नाव पडतं: ६०० मेगाहर्ट्झ म्हणजे १४.१ टेस्ला, ८०० म्हणजे १८.८, ९०० म्हणजे २१.१, आणि १.२ गिगाहर्ट्झ म्हणजे २८.२ टेस्ला. बाकी सगळं सारखं धरलं, तर संवेदनशीलता फील्डच्या दीड घाताने वाढते. म्हणजे ६०० वरून ८०० वर गेलात तर सिग्नल-टू-नॉइज साधारण १.५४ पट होतो. तेवढाच सिग्नल-टू-नॉइज मिळवायला लागणारा वेळ त्याच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे सुमारे २.४ पटींनी. ६०० वरून १.२ गिगाहर्ट्झवर गेलात तर हा फरक आठ पटींचा. कागदावर हे फार गोड दिसतं. मात्र "बाकी सगळं सारखं" ही अट प्रत्यक्षात कधीच पुरी होत नाही. वारंवारता वाढली की खारट नमुन्यातला तोटा वाढतो, आणि काही केंद्रकांची शिथिलीकरणाची (सिग्नल विरून जाण्याची) गतीही वाढते.

इथे थोडं थांबायला हवं, कारण नवख्या समित्या नेमक्या इथेच फसतात. रासायनिक विस्थापनाची विषमदिशता, म्हणजे सीएसए, ज्या केंद्रकांत मोठी आहे, त्यांचं त्या कारणाने होणारं शिथिलीकरण फील्डच्या वर्गाने वाढतं. कार्बोनिल कार्बन हे त्याचं नेहमीचं उदाहरण. मोठ्या प्रोटीनमध्ये कार्बोनिलमधून जाणारे त्रिमितीय प्रयोग फार वरच्या फील्डवर अपेक्षेपेक्षा दुबळे निघतात. फ्लोरिन-१९ चंही तेच. लेबल केलेल्या प्रोटीनचे फ्लोरिन सिग्नल वरच्या फील्डवर रुंदावतात, म्हणून त्या कामासाठी ५०० किंवा ६०० बऱ्याचदा बरा पडतो.

उलट बाजूला ट्रॉझी आहे. १९९७ मध्ये परवुशिन, रीक, विडर आणि व्युथ्रिश यांनी मांडलेलं हे तंत्र द्विध्रुवीय परिणाम आणि सीएसए यांना एकमेकांविरुद्ध उभं करतं. अमाइड गटासाठी ही वजाबाकी १ गिगाहर्ट्झच्या आसपास सगळ्यात चांगली जमते. तुमचं काम ४० किलोडाल्टनच्या पुढच्या ड्यूटेरियमयुक्त प्रोटीनवर असेल, तर ८०० च्या वर जाण्यात खरा अर्थ आहे. मिथाइल-ट्रॉझीचा फायदा मात्र द्विध्रुवीय परिणामांच्या आपापसातल्या वजाबाकीतून येतो आणि तो फील्डवर फारसा अवलंबून नाही. तिथे वरचं फील्ड विभेदन आणि संवेदनशीलता देतं, पण ६०० वरही काम अडून राहत नाही. अरोमॅटिक कार्बनच्या ट्रॉझीला, म्हणजे आरएनएच्या बेसना आणि प्रोटीनमधल्या अरोमॅटिक साखळ्यांना, ६०० च्या आसपासचं फील्ड चांगलं मानवतं.

अव्यवस्थित प्रोटीनचा विषय निराळा. त्यांची शिखरं आधीच अरुंद असतात आणि अमाइड प्रोटॉनच्या अक्षावर दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांना विभेदन हवं, म्हणून वरच्या फील्डचा फायदा थेट मिळतो. आणि ज्यांना रिलॅक्सेशन डिस्पर्शनने गतिशीलता मोजायची आहे, त्यांना निदान दोन वेगवेगळी फील्ड लागतात, कारण जलद विनिमयात रुंदावण्याचं प्रमाण फील्डच्या वर्गाने बदलतं आणि एकाच फील्डवर आकडे सुटे करणं कठीण जातं. अशा गटाला एक ९५० घेण्याऐवजी एक ८०० आणि एक ६०० हा पर्याय अनेकदा जास्त उपयोगी ठरतो.

माझं मत स्पष्ट सांगतो. पहिलंच मशीन असेल आणि गटात दहाच्या आत माणसं असतील, तर उत्तम क्रायोप्रोबचं (थंड ठेवलेल्या प्रोबचं) ६०० किंवा ७०० घ्या. सगळ्यात वरचं फील्ड लागेल तेव्हा सामायिक केंद्रात जाऊन वेळ मागा. १ गिगाहर्ट्झच्या वरची चुंबकं निराळ्या जातीची आहेत. त्यांच्या आतल्या गुंडाळ्यांमध्ये उच्च-तापमान अतिवाहक वापरावा लागतो, कारण नायोबियम-टिनची मर्यादा २३.५ टेस्लाच्या आसपास येते. १.२ गिगाहर्ट्झचं पहिलं मशीन २०२० मध्ये फ्लॉरेन्सच्या सीईआरएम केंद्रात बसलं. असं मशीन सांभाळायला वेगळी फळी लागते, आणि ती पहिल्या वर्षी कोणाकडेच नसते.

पायरी ३: प्रोबवर सगळ्यात जास्त वेळ घालवा

क्रायोप्रोबमध्ये कॉइल २० केल्विनच्या आसपास थंड ठेवलेली असते आणि पूर्व-प्रवर्धकही थंड असतो. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक नॉइज कमी होतो. साध्या प्रोबच्या तुलनेत तीन ते चार पट संवेदनशीलता हा नेहमी सांगितला जाणारा आकडा, आणि तो खराही आहे, पण मीठ नसलेल्या नमुन्यासाठी. कॉइलचा स्वतःचा नॉइज इतका खाली आणला की शिल्लक उरतो तो नमुन्याचा नॉइज. नमुन्यात जितके चपळ आयन, तितका तो जास्त. १५० मिलिमोलर मीठ आणि फॉस्फेट असलेल्या बफरमध्ये क्रायोप्रोबचा बराच फायदा वितळून जातो, आणि ८०० किंवा ९०० वर हा तोटा ६०० पेक्षा मोठा असतो. शिवाय प्रोटॉनचा ९० अंशांचा पल्स लांबतो.

यावर दोन उपाय आहेत. बफरमधले आयन कमी चपळ निवडायचे, किंवा ट्यूब बारीक करायची. ५ मिलिमीटरच्या ट्यूबमध्ये पाचशे-सहाशे मायक्रोलिटर लागतात, ३ मिलिमीटरमध्ये साधारण १६० ते २००, आणि १.७ मिलिमीटरमध्ये तीस-पस्तीस. खारट नमुना ३ मिलिमीटरच्या ट्यूबमध्ये घातला, तर प्रोटीन एक-तृतीयांशच्या आसपास उरतं, पण सिग्नल-टू-नॉइज त्या प्रमाणात पडत नाही. म्हणून प्रोटीन मुबलक विरघळत असेल तर बारीक ट्यूब फायद्याची, आणि ५० मायक्रोमोलरच्या पुढे गेलं की प्रोटीन गोळा होत असेल तर ५ मिलिमीटरच. पहिल्या पायरीतला तक्ता इथे बाहेर काढा आणि प्रत्येक नमुन्यासमोर ट्यूबचा आकार लिहा. निर्णय आपोआप आकार घ्यायला लागतो.

दुसरा प्रश्न कॉइलच्या मांडणीचा. इनव्हर्स प्रोबमध्ये प्रोटॉनची कॉइल नमुन्याच्या सगळ्यात जवळ असते. प्रोटीनच्या नेहमीच्या कामाला प्रोटॉन, कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ असा ट्रिपल रेझोनन्स इनव्हर्स प्रोब आणि झेड-ग्रेडियंट हवा, आणि कार्बनचा पूर्व-प्रवर्धकही थंड आहे का ते विचारायला हवं. अव्यवस्थित प्रोटीनवर थेट कार्बन मोजायचा असेल, तर कार्बनची कॉइल आत असलेला प्रोब बघा. फॉस्फरस-३१ किंवा फ्लोरिन-१९ हवं असेल तर ते आत्ताच मागा. नंतर जोडून मिळत नाही, दुसरा प्रोब घ्यावा लागतो. द्रव नायट्रोजनने थंड होणारे प्रोबही असतात. त्यांची संवेदनशीलता दोन ते तीन पटींची, देखभाल सोपी आणि चालवण्याचा खर्च कमी. शिकवण्यासाठी किंवा लहान रेणूंच्या चाळणीसाठी त्यांना कमी लेखू नका.

तिसरा प्रश्न फार थोडे लोक विचारतात: प्रोब बिघडला तर काय? क्रायोप्रोब प्रयोगशाळेत उघडून दुरुस्त होत नाही, तो कारखान्यात जातो. किती दिवस जातो, तोवर बदली प्रोब मिळतो का, हमी संपल्यावर अदलाबदलीची किंमत काय, हे लेखी घ्या. आणि साधा, खोलीच्या तापमानाचा एक प्रोब संचात असायलाच हवा. क्रायोप्रोब गेला त्या महिन्यात प्रयोगशाळा त्याच्यावर चालते.

पायरी ४: कन्सोल, थोडक्यात

चॅनेल किती, ते सगळे एकसारखे सक्षम आहेत का, एकाच वेळी दोन केंद्रकांचा सिग्नल घेता येतो का, ड्यूटेरियम डिकपलिंग आहे का, इतकं पुरे. एक हिशेब मात्र स्वतः करून बघा. ६०० मेगाहर्ट्झवर कार्बनची २०० पीपीएमची व्याप्ती ३० किलोहर्ट्झ होते, १.२ गिगाहर्ट्झवर ६०. कार्बनचा ९० अंशांचा पल्स १२ मायक्रोसेकंदांचा असेल, तर त्याची ताकद जेमतेम २१ किलोहर्ट्झ. म्हणजे वरच्या फील्डवर साध्या पल्सने सगळा कार्बन सारखा फिरत नाही, ॲडियाबॅटिक आणि आकार दिलेले पल्स लागतात, आणि प्रोब किती शक्ती किती वेळ सहन करतो हा आकडा महत्त्वाचा होतो. माहितीपत्रकात तो बहुधा नसतो. मागून घ्यावा लागतो.

पायरी ५: माहितीपत्रकातले आकडे वाचायला शिका

प्रोटॉनच्या संवेदनशीलतेची चाचणी ०.१ टक्का एथिलबेंझीनवर होते, ड्यूटेरियमयुक्त क्लोरोफॉर्ममध्ये. त्यात मीठ नाही, पाणी नाही, काहीच नाही. शिवाय नॉइज कसा मोजला यावर आकडा बराच हलतो. २०० हर्ट्झची रुंद खिडकी घेतली तर एक उत्तर, सगळ्यात शांत कोपऱ्यातली अरुंद खिडकी निवडली तर बरंच मोठं. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी मांडण्याआधी खिडकी आणि मोजण्याची पद्धत सारखी आहे का ते विचारा. उत्तर टाळलं गेलं, तर त्या आकड्याला गुण देऊ नका.

शिखराचा आकार ड्यूटेरियमयुक्त ॲसिटोनमधल्या क्लोरोफॉर्मवर तपासतात. अर्ध्या उंचीवरची रुंदी सगळेच सांगतात. खरी गोष्ट पायथ्याशी असते: ०.५५ टक्के आणि ०.११ टक्के उंचीवरची रुंदी. ०.५५ टक्के ही कार्बन-१३ मुळे बाजूला पडणाऱ्या छोट्या शिखरांची उंची. ही चाचणी ट्यूब न फिरवता झालेली हवी, कारण जैवरेणूंच्या प्रयोगात ट्यूब कोणी फिरवत नाही.

आपल्या कामासाठी सगळ्यात बोलकी चाचणी पाण्याची. २ मिलिमोलर सुक्रोज, ०.५ मिलिमोलर डीएसएस (विस्थापनाचा संदर्भ म्हणून घालतात तो पदार्थ), ९० टक्के पाणी आणि १० टक्के जड पाणी. यात तीन गोष्टी बघतात: ॲनोमेरिक प्रोटॉनचा सिग्नल-टू-नॉइज, त्याच्या दोन फाट्यांमधली दरी किती खोल जाते, आणि दाबलेल्या पाण्याचा उरलेला डोंगर डीएसएसच्या उंचीवर किती रुंद आहे. एथिलबेंझीनच्या आकड्यांत मागे असलेला प्रोब इथे पुढे गेला, तर मी हा पाण्याचाच आकडा धरीन.

चुंबकाचा ड्रिफ्ट, म्हणजे फील्डचं हळूहळू सरकणं, तेही बघा. तो हर्ट्झ प्रति तास किंवा पीपीएम प्रति तास असा दिलेला असतो. ८०० वर ०.०१ पीपीएम म्हणजे ८ हर्ट्झ, हे रूपांतर स्वतः करा. लॉक (ड्यूटेरियमच्या सिग्नलवरून फील्ड जागेवर धरणारी यंत्रणा) तो भरून काढतो, पण लॉकवर फार भार टाकणारं चुंबक लांबच्या प्रयोगांना मानवत नाही.

पायरी ६: डेमोला स्वतःचे नमुने न्या

डेमो कंपनीच्या नमुन्यावर बघू नका. दोन प्रकारचे नमुने न्या. एक ओळखीचा, कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ लेबल केलेला युबिक्विटिन. ७६ अवशेष, ८.६ किलोडाल्टन, टिकाऊ, आणि त्याचं वर्णपट जगभर माहीत आहे. दुसरे, पहिल्या पायरीत बाजूला काढलेले तुमचे त्रासदायक नमुने. एकाच बॅचमधून भाग करा, सारख्या ट्यूबमध्ये भरा, आणि प्रत्येक कंपनीकडे तोच संच पाठवा. नमुना नाजूक असेल तर सगळे डेमो एकाच आठवड्यात लावा, नाहीतर तुम्ही मशीनऐवजी प्रोटीनचं वय मोजाल.

प्रयोगांची यादी तुम्ही द्या, मापदंडांसकट. माझी यादी साधारण अशी असते: पाणी दाबून एकमितीय प्रोटॉन, नायट्रोजन-१५ एचएसक्यूसी, एक रात्रभराचा एचएनसीएसीबी (प्रोटीनचा कणा ओळखायचा त्रिमितीय प्रयोग), आणि लांब मिश्रणकाळाचा नोएसी (एकमेकांजवळचे प्रोटॉन दाखवणारा प्रयोग). नोएसीमध्ये मोठ्या शिखरांच्या खाली-वर उभे पट्टे दिसले, तर कुठेतरी अस्थिरता आहे: तापमान, कंपनं, किंवा इलेक्ट्रॉनिक्स. स्थिरतेची आणखी एक सोपी परीक्षा म्हणजे एकच प्रयोग दोनदा करून वजाबाकी करणं. काही उरायला नको. जे उरतं ते विक्रेत्याला दाखवा आणि कारण विचारा. त्या उत्तरातून तिथल्या अनुप्रयोग शास्त्रज्ञाची पातळीही कळते, आणि पुढची दहा वर्षं फोनवर तीच माणसं असणार आहेत.

रात्रभर दर अर्ध्या तासाने एचएसक्यूसी लावून ठेवा आणि सकाळी सगळे एकमेकांवर ठेवून बघा. पाण्याचं विस्थापन एका अंशाला सुमारे ०.०१ पीपीएमने सरकतं. लॉक जड पाण्यावर असतो, त्यामुळे तापमान हललं की सगळी शिखरं एका बाजूला सरकलेली दिसतात. ८०० वर एका अंशाला ८ हर्ट्झ. तापमानाची खरी किंमत पडद्यावरच्या आकड्यावरून धरू नका, ड्यूटेरियमयुक्त मिथेनॉलने मोजायला सांगा, आणि डिकपलिंग चालू असताना नमुना किती तापतो तेही.

निघताना कच्चा डेटा घ्या. प्रक्रिया केलेली सुंदर चित्रं ठेवून द्या. घरी येऊन सगळ्या कंपन्यांचा डेटा एकाच स्क्रिप्टने, एनएमआरपाइप किंवा तत्सम साधनात, एकाच विंडो फंक्शनने प्रक्रिया करा. मग शिखरं मोजा. एचएनसीएसीबीमध्ये अपेक्षित शिखरांपैकी किती दिसली, हा एकच आकडा सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा जड आहे. डेमोचं चुंबक तुमच्या फील्डचं नसेल तर दीड घाताने रूपांतर करता येतं, पण खारट नमुन्यात हे रूपांतर आशावादी येतं एवढं लक्षात असू द्या.

पायरी ७: खोली आधी तपासा, ऑर्डर नंतर द्या

५ गाउसची रेषा, म्हणजे चुंबकाचं क्षेत्र ५ गाउसपर्यंत उतरतं ती हद्द, तिन्ही दिशांना काढून घ्या. वरच्या आणि खालच्या मजल्यावरही. पेसमेकर असलेल्या व्यक्तीला त्या रेषेच्या आत येऊ देता येत नाही, म्हणजे वरच्या मजल्यावर बसण्याची जागा असेल तर ती हलवावी लागेल. आजची चुंबकं सक्रिय शिल्डिंगची असतात, त्यामुळे रेषा पूर्वीपेक्षा बरीच आत आली आहे. पण शिल्डिंग चुंबकाचं क्षेत्र बाहेर जाऊ देत नाही, बाहेरचं सगळं आत येण्यापासून रोखतंच असं नाही. लिफ्ट, वाहनतळ, रेल्वे, जवळचा ट्रान्सफॉर्मर, दाबाने चालणारी मोठी यंत्रं, या सगळ्यांची यादी करा. हलणारं लोखंड लॉकला दिसतं.

कंपनांचं आणि चुंबकीय हस्तक्षेपाचं सर्वेक्षण कंपनी करून देते. ते निदान चोवीस तासांचं, कामाच्या दिवशी झालेलं हवं. रविवारी दुपारी केलेलं सर्वेक्षण छान येतं आणि निरुपयोगी असतं.

छताची उंची चुंबकाच्या उंचीने ठरत नाही. हेलियम भरायची नळी वरून आत घालावी लागते, तिला वर मोकळी जागा हवी. दरवाजे, वळणं, जमिनीची वहनक्षमता, क्रेन आत येण्याचा रस्ता, हे सगळं वास्तुविशारदाला कंपनीच्या रेखाचित्रासह द्या. खोलीचं तापमान दिवसभरात अंशभराच्या पलीकडे हलू नये आणि वातानुकूलनाचा झोत थेट चुंबकावर येऊ नये.

क्वेंचची (चुंबकाची अतिवाहकता अचानक जाऊन हेलियम उकळण्याची) तयारी औपचारिकता म्हणून करू नका. द्रव हेलियमचं वायूत रूपांतर झालं की आकारमान सुमारे सातशे पट होतं, आणि तो वायू खोलीतला ऑक्सिजन बाहेर ढकलतो. मोठ्या चुंबकाला क्वेंचची वाहिनी छतातून बाहेर काढावी लागते. ऑक्सिजन मापक दोन उंचींवर लावा: हेलियम वर जातो, थंड नायट्रोजन खाली साचतो. दरवाजा बाहेर उघडणारा असावा, आत दाब वाढला तरी उघडता यावा म्हणून.

९०० मेगाहर्ट्झच्या वर्गातली काही चुंबकं हेलियम २ केल्विनच्या आसपास उतरवून चालतात, त्यासाठी पंप अहोरात्र चालू लागतात. तिथे वीज गेली तर काय होतं, किती तास हातात असतात, जनित्र किती वेळात उचलतं, हे कंपनीकडून लेखी मागा.

पायरी ८: हेलियम आणि चालवण्याचा खर्च

चुंबक बंद करता येत नाही. सुट्टी असो वा निधी संपलेला असो, द्रव नायट्रोजन साधारण दर एक-दोन आठवड्यांनी आणि हेलियम दर काही महिन्यांनी भरावाच लागतो. "सामान्यतः इतके दिवस" आणि "हमी इतक्या दिवसांची" हे दोन वेगळे आकडे आहेत, दुसरा घ्या. हेलियमचा पुरवठा जगभरात वेळोवेळी आटतो, म्हणून परत गोळा करण्याची यंत्रणा आत्ता परवडत नसली तरी नळ्या टाकून ठेवा. नायट्रोजन पुन्हा द्रव करणारी यंत्रणा मिळते, सोयीची आहे, पण तिच्या कंपनांचा परिणाम डेमोत बघा. क्रायोप्रोबच्या कॉम्प्रेसरला पाणी, वीज आणि ठरावीक तासांनी सर्व्हिस लागते. चिलर बंद पडला की प्रोब गरम होतो आणि चालू प्रयोग गेला. दहा वर्षांचा खर्च एका कागदावर मांडा. काही वेळा स्वस्त निविदा तिथे महाग निघते.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. परवाने किती, प्रक्रिया करणाऱ्या संगणकांना वेगळे लागतात का, विषम नमुनाकरणाची (काही बिंदू वगळून मोजलेल्या डेटाची) पुनर्रचना मूळ परवान्यात येते की वेगळे पैसे, आणि कच्चा डेटा खुल्या साधनांत उघडतो का. थंड ठेवता येणारा सॅम्पल चेंजर मात्र विचारात घ्या. प्रोटीनच्या लोकांना खोलीच्या तापमानावर रांगेत उभ्या ट्यूब परवडत नाहीत.

पायरी ९: विक्रेता उद्या असेल का?

व्हेरियन हे एनएमआरमधलं जुनं आणि मोठं नाव. २०१० मध्ये ॲजिलेंटने ती कंपनी घेतली आणि २०१४ मध्ये एनएमआरचा व्यवसाय बंद केला. जगभरच्या प्रयोगशाळांत चांगली चुंबकं आणि सुटे भाग न मिळणारी कन्सोल शिल्लक राहिली. आज हाय-फील्डच्या बाजारात मुख्य नावं ब्रुकर आणि जेओल ही आहेत. पर्याय कमी असले की घासाघीस करायला वाव कमी, आणि म्हणूनच सुट्या भागांची दहा वर्षांची हमी करारात असावी लागते. तुमच्याकडे जुनं चुंबक असेल तर नुसतं कन्सोल आणि प्रोब बदलायचा भावही मागवा. अनेकदा तोच सगळ्यात शहाणा खर्च असतो.

संदर्भासाठी विक्रेत्याने दिलेल्या प्रयोगशाळांशिवाय आणखी दोन स्वतः शोधा, मशीन तीन ते पाच वर्षं जुनं असलेल्या. प्रमुखांना भेटा, पण प्रश्न मशीन चालवणाऱ्याला विचारा: गेल्या वर्षी किती दिवस बंद होतं, अभियंता किती दिवसांत आला, प्रोब किती वेळा कारखान्यात गेला.

पायरी १०: करार

गुणांकनाचे निकष आणि वजनं निविदा उघडण्याआधी ठरवून सह्या करून ठेवा. नंतर ठरवलेले निकष कुठल्या तरी एका मशीनकडे झुकतातच.

स्वीकृती चाचणी कारखान्यातली पुरत नाही, तुमच्या खोलीत बसवल्यावरची हवी. तिच्यात एथिलबेंझीन, क्लोरोफॉर्म, सुक्रोज तर असतीलच. त्यात तुमच्या खारट बफरमधल्या युबिक्विटिनचा एचएसक्यूसी, ठरलेल्या वेळात ठरलेला सिग्नल-टू-नॉइज, आणि रात्रभराची स्थिरता जोडा. विक्रेते याला आधी नाही म्हणतात. आकडा डेमोतल्या आकड्यापेक्षा थोडा खाली ठेवलात तर हो म्हणतात. हमी स्वीकृतीच्या सहीपासून सुरू व्हावी, माल आल्याच्या तारखेपासून नव्हे, कारण खोली तयार नसली तर दोन्हींत अनेक महिने जातात. शेवटचा मोठा हप्ता स्वीकृतीला बांधा. चुंबक चढवताना क्वेंच झाला तर दुसऱ्या वेळचा हेलियम कोणाचा, किती प्रयत्नांनंतर चुंबक बदलून मिळेल, अभियंता किती तासांत फोन उचलेल आणि किती दिवसांत दारात येईल, "बंद" म्हणजे नेमकं काय, प्रशिक्षण किती जणांना आणि कधी, हे सगळं वाक्यांत लिहून घ्या. प्रशिक्षण दोन भागांत मागा, बसवल्यावर लगेच आणि पुन्हा सहा महिन्यांनी. पहिल्या वेळी विचारायचे प्रश्नच माहीत नसतात.

स्वीकृतीचा सगळा कच्चा डेटा आणि त्या वेळचे शिम (फील्ड एकसारखं करणाऱ्या कॉइल) मूल्यांचे संच वेगळ्या जागी जपून ठेवा. दर महिन्याला तीच सुक्रोजची आणि युबिक्विटिनची ट्यूब लावून आकडे वहीत नोंदवा. हमी संपायच्या दोन महिने आधी स्वीकृतीची पूर्ण मालिका पुन्हा चालवा, आणि जिथे आकडा घसरलेला दिसेल तिथे मूळ आलेख जोडून विक्रेत्याला लेखी कळवा.